हाताला लागणारं घर

आमच्या सासूबाई डबा उघडून बघत नाहीत. फळीवरून काढायचा, एकदा हलवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. हरभरे खडखडतात, साबुदाणा सळसळतो, तूरडाळीचा आवाज या दोहोंच्या मधला. रवा वाजत नाही. तो एका कडेकडून दुसरीकडे सरकतो आणि ते सरकणं तळव्याला कळतं. सगळे डबे स्टीलचे, एकाच घाटाचे, उतरत्या आकाराचे. एकावरही चिठ्ठी नाही. किती उरलंय तेही त्या हातातल्या वजनावरून सांगतात. "शनिवारपर्यंत जाईल गं, मग आण." आणि ते बरोबर शनिवारपर्यंत जातं.

मला हे बघत उभं राहायला आवडतं. एका कामात जन्म गेलेले हात किती शहाणे होतात ते तिथे दिसतं. पण त्या चार दिवस लेकीकडे पुण्याला गेल्या की आमचं स्वयंपाकघर आम्हालाच परकं होतं. आम्ही एकेक झाकण उघडत बसतो. जिरं शोधताना ओवा सापडतो आणि ओवा हवा असतो तेव्हा बडीशेप. सासूबाईंबरोबर घराचा नकाशाही पुण्याला गेलेला असतो.

लहान मुलं आणि नोकरी अशी दोन्ही टोकं धरून चालणाऱ्या घरांबद्दल मला जे सांगायचं आहे ते या डब्यांपाशी सुरू होतं. घर लावायचं म्हणजे घराची माहिती एकाच माणसाच्या डोक्यातून बाहेर काढायची आणि फळीवर, भिंतीवर, खुंटीवर अशा बेताने ठेवायची की घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या हाताला ती लागावी. एवढं झालं की बाकीचं बरंचसं मार्गी लागतं. हे झालं नाही तर कितीही महागडी कपाटं करून घ्या, सकाळचा गोंधळ जिथल्या तिथे राहतो.

हा गोंधळ मुख्यतः प्रश्नांचा असतो. आई, माझा टाय कुठंय? आज पांढरा गणवेश की निळा? अगं, गॅसचं पुस्तक बघितलंस का? आई, सहलीचे पैसे आजच द्यायचेत ना? एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन क्षण पुरतात. पण ज्या माणसाला ते विचारले जातात, त्याला दिवसभर सगळं घर मनात उघडं ठेवून वावरावं लागतं. डोंबिवलीहून गाडी सुटते, मुंब्रा-कळवा मागे पडतं, समोरची बाई मोबाइलवर गजर लावून डुलकी काढते आणि आपण मनात मोजत असतो: धाकटीचं बूस्टर या महिन्यात, सिलिंडर लावून किती दिवस झाले, इस्त्रीवाल्याकडे पाच शर्ट, सोसायटीचा मेंटेनन्स, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस, आणि थोरल्याच्या बुटाचा तळ सुटत आलाय.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास एकीकडे आणि जेमतेम दीड तास दुसरीकडे. शिवाय त्या कामांना हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, तर पुरुष २६. हे आकडे बोलके आहेतच. पण मला त्यांच्या पलीकडचं काहीतरी टोचतं. भांडी घासली, पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, हे मिनिटांत मांडता येतं. लक्षात ठेवण्याचं काम कोणत्या रकान्यात भरायचं? ते पोळ्या लाटतानाही चालू असतं आणि ऑफिसात बेरजा करतानाही. म्हणून कामं वाटून घेण्याच्या आधी मला लक्षात ठेवणं वाटून घ्यावंसं वाटतं. आणि त्याची सोपी वाट वस्तूंच्या जागांमधून जाते.

जुन्या घरांना हे कळत होतं. तिथे भिंतीच माहिती सांभाळायच्या. दाराशेजारचा कोनाडा दिव्याचा, त्यात काड्यापेटीही असणार. माजघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरण्या. तुळईला शिंकाळं आणि त्यात मांजरापासून राखलेलं दूधदही. कोपऱ्यात उतरंड: खाली सगळ्यांत मोठं मडकं, वर चढत गेलेली लहान मडकी, प्रत्येकात वेगळं कडधान्य किंवा पुढच्या पेरणीचं बियाणं. अंधारात हात घातला तरी वस्तू मिळायची, कारण ती वर्षानुवर्षं तिथेच असायची. पाहुण्या आलेल्या माहेरवाशिणीलाही तांब्या कुठे असेल हे विचारावं लागायचं नाही.

त्या घरांना निदान जागा तरी मुबलक होती. मुंबईतल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग इथल्या या चाळी १९२०च्या दशकातल्या. अशा एकेका खोलीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत संसार झाले. माझ्या आईचं बालपण अशाच एका खोलीत गेलं. तिच्याकडून ऐकलेलं त्या खोलीचं वर्णन मला पाठ आहे. खाटेखाली तीन ट्रंका, प्रत्येकीची कड बाहेरून दिसेल अशी. पहिलीत शाळेचे कपडे, दुसरीत सणाचे, तिसरीत कागदपत्रं आणि चांदीची वाटी. गाद्यांची वळकटी सकाळी भिंतीला लागायची आणि त्याच जागी पाट यायचे. दाराच्या आतल्या बाजूला ओळीने खिळे. वरचा वडिलांच्या सदऱ्याचा आणि सगळ्यांत खालचा शेंडेफळाच्या दप्तराचा. आई म्हणते, "जागा नव्हती म्हणून जागा ठरलेली होती." आज आमच्या घरात त्या खोलीच्या तिप्पट जागा आहे. वस्तू दहापट झाल्या आहेत आणि परवापरवापर्यंत दाराच्या आतल्या बाजूला एकही खिळा नव्हता.

सगळ्यांत खालचा खिळा शेंडेफळाचा, हे मला त्या वर्णनातलं मर्म वाटतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथे पुढे जे घडत गेलं त्यातली एक गोष्ट दिसायला फार साधी होती. टेबलं-खुर्च्या मुलांना स्वतः उचलता येतील इतक्या हलक्या केल्या आणि कपाटं त्यांच्या हाताला येतील इतकी बुटकी. साहित्य घ्यायचं, वापरायचं आणि जिथून घेतलं तिथे परत ठेवायचं, हे तीन-चार वर्षांची मुलं आनंदाने करू लागली. हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्या ताराबाई मोडक तो शहरातल्या बालमंदिरांपुरता ठेवून थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत ते काम पोचलं. परदेशी बनावटीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, आसपास मिळेल ते साहित्य झालं. मुलाच्या उंचीवर उतरायला पैसा लागत नाही, हे त्या दोघींनी करून दाखवलं.

आमच्याकडे सुतार आला होता स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी बदलायला. त्याच्याकडून मी चार खुंट्या ठोकून घेतल्या. धाकटीला भिंतीला टेकवून उभं केलं, तिच्या खांद्यापाशी पेन्सिलीने खूण केली आणि खुंटी तिथे बसवली. "इतकी खाली? वहिनी, वाईट दिसेल," असं सुतार म्हणाला. दिसायला ती जरा विचित्र दिसते खरी. पण त्या संध्याकाळी शाळेतून आल्याआल्या तिने दप्तर काढलं, पट्टा खुंटीत अडकवला, दोन पावलं मागे सरली आणि लोंबणारं दप्तर नीट निरखून घेतलं. मग पुढे होऊन ते थोडं सरळ केलं. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याच उंचीची, तिची एकटीची अशी ती घरातली पहिली वस्तू होती. तेव्हापासून दप्तर सोफ्यावर येत नाही. तिच्या खुंटीखाली चपलांची बुटकी फळी, तिच्यावर पाण्याच्या बाटलीची जागा आणि शेजारी एक छोटी टोपली: ओळखपत्र, रुमाल, केसांचे रबर. घराबाहेर पडताना लागणारं सगळं दारापासून हातभर अंतरावर. घरात काही बदल करायचा तर पहिला इथेच करावा, असं मी मैत्रिणींना आवर्जून सांगते.

मुलांचे कपडेही मी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या दोन खणांत उतरवले. घड्या एकावर एक रचायच्या ऐवजी पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, म्हणजे एक ओढला तर बाकीचे कोसळत नाहीत. गणवेशाचा जोड आदल्या रात्री काढून खुर्चीवर ठेवायचा, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, अंगावर चढवायच्या क्रमाने. ही कामं लहान आहेत. पण ती मुलं स्वतः करतात तेव्हा पालकांची सकाळ रुंद होते. औषधांचा डबा मात्र याच्या अगदी उलट, सगळ्यांत वरच्या कप्प्यात आणि कुलपात. त्यातल्या औषधांची मुदत बघायचं काम बाबांकडे, दर तीन महिन्यांनी.

आता पुन्हा त्या डब्यांकडे. चिठ्ठ्या लावायचं मी सुचवलं तेव्हा सासूबाईंना ते फारसं रुचलं नव्हतं. "मला काय करायच्यात चिठ्ठ्या?" त्यांना नकोच होत्या, आम्हाला हव्या होत्या. शेवटी हे काम धाकटीकडे दिलं. तिला नुकतीच अक्षरं येऊ लागली होती. आजी डबा हलवायची आणि म्हणायची, "ओळख." नात कान लावायची. मग आजी सांगेल तसं ती कागदाच्या पट्टीवर लिहायची. मूगडाळीतला दीर्घ ऊ पट्टीबाहेर गेला, शेंगदाण्यावरचा अनुस्वार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. त्या पट्ट्या चिकटपट्टीने लावल्या. दुपारभर ते चाललं होतं. आजीला नातीला शिकवण्यासारखं काहीतरी होतं आणि नातीला घराच्या उपयोगाचं काहीतरी. आता माझ्या नवऱ्याला पोहे करायचे असतील तर तो कोणालाही हाक मारत नाही. आणि धाकटीला साबुदाणा आवाजावरून ओळखता येतो, ही जादा कमाई.

ओळख पटावी म्हणून वस्तूवर काहीतरी लिहून ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. भांड्यांच्या दुकानात त्या टकटकणाऱ्या यंत्राने नाव घालून घेतात तेव्हा पातेल्याच्या कडेवर घराण्याचं नाव, प्रसंग आणि तारीख कायमची कोरली जाते. शेजारी गेलेलं भांडं त्याच नावावर घरी परत येतं. आणि स्वयंपाकाच्या बाबतीत तर एका बाईने हे फार मोठ्या प्रमाणावर केलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं. त्याआधी बहुतेक घरांत पदार्थ शिकायचा तर आईच्या किंवा सासूच्या शेजारी उभं राहून. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, आणि तो अंदाज ज्याच्या हातात त्याच्याच हातात राहायचा. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे घरोघरी असलेलं माप धरलं आणि अंदाज कागदावर उतरवला. घरापासून लांब खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला, नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला स्वतःच्या बळावर स्वयंपाक करता येऊ लागला. एकाच्या हातातलं ज्ञान सगळ्यांच्या हाताला लागलं. घराच्या बाबतीत मला हेच हवं आहे.

म्हणून आमच्या फ्रिजच्या दारावर आठवड्याच्या भाज्यांचा कागद असतो. तो शनिवारी रात्री सगळे मिळून लिहितात. सोमवारी मटकीची उसळ, कारण मटकी शनिवारी रात्री भिजत घातली की रविवारी सकाळी फडक्यात बांधता येते आणि सोमवारपर्यंत लांबसडक मोड येतात. मंगळवारी फळभाजी, बुधवारी पालेभाजी, आणि दोन दिवस मुलांच्या पसंतीचे. स्वतः निवडलेल्या दिवशी मुलं भाजीवरून कुरकुरत नाहीत. रविवारी सकाळी बाजारातून आलेल्या भाजीभोवती सगळे बसतात. कोथिंबिरीची मुळं काढायची, पण ती धुवायची नाही. कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडाभर टवटवीत राहते. मेथी निवडून कोरड्या फडक्यात. आलं-लसणाचं वाटण चिमूटभर मीठ आणि थोडं तेल घालून काचेच्या बरणीत. खोबरं खोवून डब्यात. मटार सोलायचे असतील तर मुलं आपण होऊन येतात, निम्मे तोंडात जातात आणि गप्पांना तोटा नसतो. रविवारचा हा तास आठवड्याच्या पाच सकाळींना पुरतो.

लक्षात ठेवण्याची सगळ्यांत मोठी जागा मात्र भिंतीवरचं कॅलेंडर. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केलं. मराठी घरांनी त्यातल्या एकादश्या, संकष्ट्या आणि मुहूर्त तर पाहिलेच; शिवाय तारखेच्या चौकोनांत आपला संसार लिहून काढला. दुधाचे खाडे, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सिलिंडर लावला ती तारीख, वाण्याला दिलेले पैसे. माझ्या माहेरी जुनी कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. त्यातलं एक उघडलं की एका कोपऱ्यात वडिलांच्या अक्षरात "२ लि. जादा" दिसतं आणि त्या दिवशी घरात कोण पाहुणे होते ते आईला आठवतं. मोबाइलमधलं कॅलेंडर मीही वापरते. पण ते माझ्या खिशात असतं, भिंतीवरचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे त्याच्या दोऱ्याला पेन बांधलं आहे आणि शाळेची सूचना ज्याच्या हाती येईल त्याने ती लगेच त्या चौकोनात लिहायची असा नियम आहे. सहल, परीक्षा, दाताचा डॉक्टर, बाबांचा दौरा. रविवारी रात्री धाकटी येणारा आठवडा मोठ्याने वाचते. पाच मिनिटांचं काम. पण सोमवारी सकाळी "मला कोणी सांगितलंच नाही" हे वाक्य ऐकू येत नाही.

कागदपत्रांची एक पेटी असावी आणि ती कुठे आहे ते घरातल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक असावं. जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, आधार, शाळेचे दाखले, विम्याचे कागद. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या बदलाने नव्या जन्मांसाठी जन्मदाखल्याचं महत्त्व फार वाढलं आहे: शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा तोच. नव्या आईबाबांनी तो लगेच काढून प्रती करून ठेवाव्यात. प्रत्येक मुलाची पिशवी वेगळी, वर मोठ्या अक्षरात नाव.

शाळेच्या सकाळी आदल्या रात्रीच सुरू होतात. थोरल्याची शाळा सातची, धाकटीची नऊची. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय चांगलाच आहे, पण ज्या घरात एक मूल चौथीच्या खाली आणि एक वर आहे तिथे सकाळ दोनदा उजाडते. म्हणून रात्रीची जेवणं झाली की अर्धा तास सगळे मिळून आवरतात. कणीक मी मळते. भाजी चिरून डबे-बाटल्या काढून ठेवायचं काम नवऱ्याचं. ओटा पुसून देव्हाऱ्यासमोरची फुलं काढणं सासूबाईंचं. मुलं वेळापत्रक बघून दप्तर भरतात. भरतात ती स्वतः; आम्ही भरून देत नाही. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलं आहे, आणि पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो. घरातल्या वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून बघावं. आमच्याकडे शनिवारी दप्तर पुरतं रिकामं होतं. वर्तमानपत्र पसरायचं आणि उलटं करायचं. पेन्सिलीची टरफलं, चुरगळलेली सूचना, गुलमोहराची एक लांब शेंग, अर्धं बिस्किट, आणि मैत्रिणीने दिलेलं कागदाचं विमान. गृहपाठाच्या वहीत न दिसणारी आपली मुलं त्या वर्तमानपत्रावर दिसतात. घाईने ते सगळं केरात लोटू नये. बसून बघावं, विचारावं. शेंग कुणाशी लढायला आणलीस?

आणि मोबाइल. रात्री तो सगळ्यांचा दिवाणखान्यात, चार्जरच्या ठरलेल्या फळीवर. मोठ्यांचाही. हा नियम मोठ्यांनी पाळला तरच मुलं पाळतात.

घरात वस्तू येण्याची दारं आज शेकडो झाली आहेत, जाण्याची मात्र बंद होत चालली आहेत. पूर्वी दारावर बोहारीण यायची. पायरीवर बसकण मारून ती जुन्या साड्यांचे पदर उलटून बघायची, पँटच्या गुडघ्यांवर बोट फिरवायची आणि मग टोपलीतलं एक पातेलं पुढे करायची. घासाघीस तासभर चालायची. शेवटी जुन्या कपड्यांच्या बदल्यात नवं भांडं घरात यायचं. जे कपडे तिलाही चालायचे नाहीत, त्यांच्या गोधड्या व्हायच्या: आजीच्या नऊवारीचा मऊ सुती तुकडा वर, आत झिजलेले सदरे. दसऱ्याआधी घरातलं सगळं कापड धुवून निघायचं, दिवाळीआधी माळा रिकामा व्हायचा आणि लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं जायचं. घर स्वच्छ ठेवणाऱ्या साध्या केरसुणीला लक्ष्मी मानणारी ही संस्कृती आहे. ती रीत मला आजही मुलांपुढे ठेवावीशी वाटते. वर्षातून या दोन वेळा आम्ही मुलांना त्यांचा एकेक खण आवरायला देतो. आखूड झालेले कपडे धुवून-इस्त्री करून लहान भावंडांकडे किंवा गरज असेल तिथे जातात. काय द्यायचं ते मुलं ठरवतात. खेळणी आम्ही दोन भागांत केली आहेत. एक भाग माळ्यावर, एक हाताशी. दर महिन्याला अदलाबदल. माळ्यावरून उतरलेला ठोकळ्यांचा डबा नव्यासारखा वाटतो आणि नवं मागणं लांबतं.

हे सगळं करूनही घरात पसारा होतो, आणि तो व्हायला हवा. पलंगाच्या चादरीचा तंबू होणार, खुर्च्यांची आगगाडी होणार, जमिनीवर रंग सांडणार. लहान मुलं असलेल्या घरात पसाऱ्यालाही ठरलेली जागा द्यावी. आमच्याकडे गॅलरीलगतचा कोपरा मुलांचा आहे. तिथे दिवेलागणीपर्यंत कोणी काही उचलायला सांगत नाही. दिवेलागण झाली की दहा मिनिटं सगळे मिळून उचलतात. मग पानं घ्यायची. ताटं-वाट्या मांडणं, पाणी घेणं, मीठ-लिंबू वाढणं ही पूर्वी घरातल्या लहानांची कामं होती आणि ती परत त्यांना द्यावीत. चार वर्षांच्या मुलाला चमचे मांडता येतात, सहा वर्षांचं पाणी घेतं, दहा वर्षांचं वरण वाढतं. थोडं सांडतं. सांडलेलं पुसायचं फडकंही त्यांच्या हाताला लागेल असं ठेवावं.

मी बँकेत काम करते. मार्चअखेरीला घरी यायला फार उशीर होतो. यंदा त्या दिवशी सासूबाईही गावाला होत्या आणि नवरा दौऱ्यावरून संध्याकाळी परतायचा होता. दुपारपासून मी फोनकडे बघत होते. घरातून एकही फोन आला नाही. शाळेतून आलेल्या मुलांवर शेजारच्या काकूंचं लक्ष होतं. घरी गेल्यावर कळलं की थोरल्याने डाळ-तांदूळ काढून, धुवून, वाटीने पाणी मोजून कुकर तयार ठेवला होता आणि बाबा आल्यावर गॅस पेटवला होता. धाकटीने तूप आणि लिंबाचं लोणचं काढलं. वरणात हिंग जरा जास्त पडला होता. दोघं ते सांगताना एकमेकांचं वाक्य तोडत होती.

थोरला मुलगा आहे, म्हणून हे मला आणखीच महत्त्वाचं वाटतं. २९९ आणि ९७ या दोन आकड्यांमधलं अंतर सरकारी ठरावाने कमी होणार नाही. ते अशा घरांत कमी होईल जिथे मुलग्याला डाळीचा डबा माहीत आहे आणि बहिणीइतकाच तो ओटाही पुसतो. हा मुलगा उद्या शिकायला दुसऱ्या गावी जाईल, पुढे कुणाबरोबर घर मांडेल. तेव्हा त्या घराचा सगळा भार दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर पडू नये, याची सोय मला आत्ताच करायची आहे.

त्या रात्री भांडी आवरल्यावर धाकटी माझ्याशेजारी येऊन बसली आणि वर्गातल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. कोण काय म्हणालं, कोणी डब्यातला लाडू परत मागितला, उद्या बोलावं की नको. मी दमले होते, पण मला ऐकायला उसंत होती, कारण दुसऱ्या दिवसाचं काहीही शोधायचं उरलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की उद्या सकाळी आपणच आधी बोलायचं. मुलांना आपली गरज पडते ती अशा गोष्टींसाठी पडावी. त्या ऐकायला आईबाबांकडे वेळ असावा, म्हणून तर घर लावायचं.